डोलिनाची करडी रेघ

ती चहात चमचा घालायची नाही. कप हातात धरून दोन-तीनदा गोल फिरवायची, की झालं.

लोकरीची लड विकत घेताना ती ओठांना लावून बघायची. ओल ओठांना कळते, बोटं फसतात, असं तिचं म्हणणं.

रेडिओवर हवामान लागलं की त्याच्याशी भांडायची. "खोटारड्या, आधी खिडकी उघडून बघ."

समोरच्या माणसाच्या डोळ्यांकडे न बघता कोपरांकडे बघायची. स्वेटर तिथे विरलेला असला तर त्या माणसाला बसायला सांगायची.

चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसायची. प्रवचन लांबलं की पेपरमिंटची गोळी दाताखाली फोडायची. तो आवाज वेदीपर्यंत जायचा. पाद्री आवरतं घ्यायचे.

घराला कुलूप नव्हतं, लोकरीच्या पेटीला होतं. "चोर परवडला, कसर नाही."

आणि मागावर चालू असलेलं कापड कुणाचं आहे, ते मागाच्या पुढच्या तुळईवर खडूने लिहायची. फक्त नाव, आडनाव नाही. कापड उतरलं की ओल्या फडक्याने पुसायची.

तिचं नाव डोलिना विल्क. माहेरची गिलँडर्स. वय शहाऐंशी. ग्लेन तारवच्या दरीतली शेवटची विणकर. मी हे सगळं 'करायची', 'म्हणायची' असं लिहिते आहे. प्रत्येक वेळी हात अडतो. मार्च महिन्यात ती गेली. गेली म्हणजे काय, ते मला अजून नीट कळलेलं नाही.

मी ग्लासगोहून साहित्याची पदवी घेऊन परतले आणि गावातल्या दुकानात पोस्टाच्या खिडकीमागे बसले. पहिल्याच दिवशी ती आली. माझ्या कोपरांकडे बघितलं.

"चार वर्षं पुस्तकं वाचलीस म्हणे."

"हो."

"आता तिकिटं चाट." मग जाता जाता म्हणाली, "गाडी चालवता येते ना? शनिवारी मला इन्व्हरनेसला जायचंय. पेट्रोल माझं, बडबड तुझी."

अशी आमची मैत्री झाली. आमच्या वयात साठ वर्षांचं अंतर होतं. तिने ते कधी मोजलं नाही. मी तिला डोलिना म्हणायचे, ती मला पोरी.

आता टार्टनचं, म्हणजे आमच्या चौकडीच्या कापडाचं सांगते, कारण भांडण त्यावरून झालं.

कुळांची टार्टन वेगळी. तिथे आडनाव लागतं. आमचं टार्टन दरीचं आहे. तिथे राहणं लागतं. गडद हिरवा, काळा, निळा. हिरव्याच्या पोटात पिवळ्याच्या दोन काड्या. पट्टे एका क्रमाने चालत जातात, निळ्याच्या मधोमध पोचतात, आणि आल्या वाटेने उलटे परततात. उभेही तसेच, आडवेही तसेच. त्यातून चौकडी होते. निळ्याच्या मधोमध, जिथे पट्टे वळतात, तिथे एक करडी रेघ आहे. ही रेघ फक्त एकाच दिशेने जाते. निऱ्यांचा किल्ट कमरेला गुंडाळून माणूस उभा राहिला की ती कमरेपासून गुडघ्यापर्यंत सरळ उतरते. तिला छेद देणारी आडवी रेघ नाही. लहानपणी मला वाटायचं, सगळीच टार्टन अशी असतात.

पन्नासच्या दशकात दरीच्या वरच्या अंगाला धरण झालं. पाणी न्यायला डोंगरातून बोगदा खणला. खणायला माणसं बाहेरून आली. काही समुद्रापलीकडच्या डोनेगॉलहून, माझे आजोबा त्यांतले. काही पोलंडची, युद्ध संपूनही घरी परतू न शकलेली. ब्रोनेक विल्क त्यांतला. पाळी संपवून ही माणसं बाहेर यायची तेव्हा केसांपासून बुटांपर्यंत करडी असायची. दगडाची धूळ. गावाने त्यांना नाव पाडलं: करडे. दुकानात करड्यांनी मागच्या दाराने यायचं. नाचाच्या रात्री करड्यांनी भिंतीला उभं राहायचं. आजोबांनी हे मला हसत सांगितलं होतं. आजी ते ऐकून खोलीतून उठून गेली होती.

डोलिनाने त्या भिंतीपाशी जाऊन ब्रोनेकला नाचायला ओढलं. वर्षभरात लग्न ठरलं. आमच्याकडे लग्नात नवऱ्यामुलाने दरीचा किल्ट घालायचा असतो. गावातली वडीलधारी मंडळी तिच्या बापाकडे आली. टोप्या हातात धरून म्हणाली, मुलगा चांगला आहे, पण किल्ट नको. तो दरीचा नाही.

तेव्हा मागावर ताणा चढलेला होता. गॅदरिंगसाठी, म्हणजे आमच्या उन्हाळी जत्रेसाठी, बॅगपाइपच्या पथकाचं नवं कापड विणायचं होतं. ताण्याचे उभे धागे जुन्या क्रमाने, त्याच मंडळींच्या देखत लागलेले. त्यांत तिला काही बदलता येत नव्हतं. बाणा, म्हणजे आडवा धागा, मात्र ती धोट्याने स्वतः टाकत होती. किल्ट गुंडाळताना कापड आडवं होतं, म्हणून बाण्याची रेघ अंगावर उभी उतरते.

तिने ब्रोनेकचा बोगद्यातला स्वेटर उसवला. ती लोकर धुतली, कांडीवर भरली. निळ्याच्या मधोमध पोचली की ती निळा धोटा बाजूला ठेवायची, करडा टाकायची, पुन्हा निळा घ्यायची. नवऱ्याच्या किल्टचं कापड असं विणलं. आणि थांबली नाही. अख्ख्या पथकाचं कापड तसंच विणलं. आतल्या खोलीचं दार लावून.

गॅदरिंगच्या आदल्या आठवड्यात तिने कापड उलगडून दाखवलं. पाइपवाले म्हणाले, ही करडी काय भानगड? ती म्हणाली, "नको असेल तर पँट घालून वाजवा."

त्यांनी किल्ट घातले. पुढे दरीतले बाकीचे माग एकेक करून बंद पडले. ज्याला कापड हवं त्याला करडी रेघ घ्यावीच लागे. लोकरीचं सूत नवं येत राहिलं, छटा तीच. हळूहळू ती रेघ कधीकाळी नव्हती, हेच लोक विसरले.

तिने आणखी एक रीत पाडली. जो कुणी दरीत एक पूर्ण हिवाळा काढेल, त्याला वसंतात दरीच्या टार्टनचं मफलर. खिंड बर्फाने बंद होण्याआधी यायचं आणि उघडल्यावरही इथेच असायचं, एवढीच अट. शाळेच्या बसचा लॅटव्हियन ड्रायव्हर, मासेपैदाशीवर कामाला आलेली जोडपी, दोन पाद्री, एक दंतवैद्य, सगळ्यांना मिळालं. नाव कुठलं, देव कुठला, हे तिने कुणाला विचारलं नाही.

फक्त मिस्टर ऑक्टरलोनींना मिळालं नव्हतं.

कीथ ऑक्टरलोनी एडिंबरात विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. निवृत्त होऊन त्यांनी नदीकाठचं जुनं मिशनघर घेतलं. माणूस कष्टाळू. गॅदरिंगच्या समितीचे चेअरमन होते आणि त्यांच्या काळात प्रथमच तंबू गळले नाहीत. दर नोव्हेंबरात मात्र ते बायकोबरोबर टेनेरिफच्या उबदार बेटावर जायचे आणि एप्रिलात रापून परत यायचे.

त्यांनी एका संग्रहालयात आमच्या टार्टनचा जुना तुकडा शोधून काढला. दोनशे वर्षांचा. त्यात करडी रेघ नव्हती.

गावच्या हॉलमध्ये सभा भरली. चहा झाला, शॉर्टब्रेड झालं, मग पडद्यावर त्या तुकड्याचं चित्र आलं. मिस्टर ऑक्टरलोनी म्हणाले, आपलं टार्टन राष्ट्रीय नोंदवहीत कधी नोंदलेलं नाही. आता नोंदवायचं. एकदा नोंदलं की तेच खरं, बाकी नक्कल. आणि नोंदवायचं तर मूळ रूपात.

"मूळ म्हणजे?" डोलिनाने शेवटच्या खुर्चीवरून विचारलं.

"मिसेस विल्क, तुमच्याबद्दल मला फार आदर आहे. पण करडी रेघ नंतरची आहे. कुणीतरी मागाहून घातलेली."

"कुणीतरी नाही. मी."

हॉलमध्ये कुणीतरी हसलं.

"मग तुम्हीच मान्य करता."

"करते की. चेअरमनसाहेबांनी बरोबर शोधून काढलंय. ती मी घातली. एकोणीसशे सत्तावन्न साली. कुणाला न विचारता."

"मग ती काढायला तुमची हरकत नसावी."

ती उठून उभी राहिली. तिला उठायला वेळ लागायचा. सगळ्यांना थांबावं लागलं.

"काढा. पण क्रमाने काढा. आधी माझ्या नवऱ्याला काढा. चर्चच्या मागे आहे, भिंतीकडून तिसरा. मग या पोरीचा आजोबा काढा, तो त्याच्या शेजारीच आहे. फावडं माझ्याकडे आहे. उद्या सकाळी देते."

मिस्टर ऑक्टरलोनींचे कान लाल झाले. "हा प्रश्न माणसांचा नाही, मिसेस विल्क. नक्षीचा आहे."

"नक्षी कोण घालतं अंगावर? मेंढ्या?"

मी समितीच्या लोकांकडे बघत होते. ते आपापल्या बुटांकडे बघत होते. अर्ध्यांचे आजोबा बोगद्यातले. उरलेल्या अर्ध्यांचे आजोबा टोप्या हातात धरून आलेले. पण तंबू गळत नव्हते, गावाच्या नावाच्या नव्या पाटीला पैसे मिळाले होते, आणि हे करणाऱ्या चेअरमनला दुखवायची कुणाची तयारी नव्हती.

शेवटी मिस्टर ऑक्टरलोनींनीच तोडगा काढला. नवं कापड नको, खर्च नको. पथकाचे आहेत तेच किल्ट उसवून निऱ्या नव्याने घालायच्या. रेघ निरीच्या आत दुमडायची. समोरच्या सपाट भागावर एक येते, ती कमरेच्या कातडी पिशवीखाली लपते. गॅदरिंगला पथकाचा फोटो काढायचा आणि तो अर्जाला जोडायचा. "रेघ राहते, फक्त दिसत नाही. दोघांचंही समाधान."

डोलिना त्यांच्या कोपरांकडे बघत राहिली. तिथे नवी कातडी ठिगळं होती, दुकानातूनच लावून आलेली.

"बरं," ती म्हणाली.

मला आधी ते ऐकू आलंच नाही. गाडीत बसल्यावर मी दार आपटलं.

"तू हार मानलीस?"

"दिवे लाव."

"डोलिना, त्यांनी आजोबांना दुमडून आत घालायला सांगितलं आणि तू बरं म्हणालीस!"

"तुला चार वर्षं काय शिकवलं गं त्यांनी? गोष्ट शेवटपर्यंत ऐकायची असते, एवढंसुद्धा नाही?"

"ही गोष्ट नाहीये."

"मग रडत कशाला बसलीस? चल, घरी चल. मेंढीचं सूप आहे."

त्या वसंतात पथकातले लोक आपापले किल्ट घेऊन तिच्याकडे आले. पथकप्रमुख लॅखी मासेपैदाशीवर काम करतो. दारात उभा राहून त्याने डोकं खाजवलं.

"डोलिना, हे उभं असताना ठीक आहे. पण आम्ही चाललो की—"

"लॅखी, टाचण्या धरायला मदत हवीय. तोंड रिकामं आहे का तुझं?"

लॅखी तिच्याकडे बघत राहिला. मग हळूहळू त्याच्या तोंडावर हसू पसरलं. "रिकामंच आहे," तो म्हणाला, आणि त्याने गप्प बसून टाचण्या ओठांत धरल्या.

मी तिथेच होते. मला तेव्हाही कळलं नाही. मी जन्मभर हे पथक बघत आले होते, पण बघण्यासारखं काय आहे ते मला ठाऊक नव्हतं.

ती दुपारभर शिवत बसायची. निरी दुमडायची, रेघ आत घालायची, बोटाने दाबायची. कमरेपासून नितंबापर्यंत टाके, खाली मोकळं. किल्ट तसाच असतो. नाहीतर माणूस चालेल कसा?

गॅदरिंगच्या दिवशी ऊन होतं, वारा होता. पथक मैदानाच्या कडेला उभं राहिलं. मिस्टर ऑक्टरलोनींनी स्वतः प्रत्येकाच्या मागून फिरून बघितलं. हिरवा, काळा, निळा, पिवळ्याच्या काड्या. करडं कुठेच नाही. फोटोवाल्याने फोटो काढला. समोरून एक, मागून एक. चेअरमन मानाच्या तंबूत जाऊन बसले. त्यांनी डोलिनाकडे बघून मान लववली. तिनेही लववली.

मग ढोल वाजला आणि पथक चालू लागलं.

पहिल्या पावलाला निऱ्या डावीकडे झुलल्या आणि उघडल्या. आतून करडं चमकलं. दुसऱ्या पावलाला उजवीकडे. पुन्हा करडं. मागून बघताना सगळ्या कमरांखाली एकाच वेळी ते उघडत होतं, मिटत होतं. इतकी वर्षं ती रेघ नुसती तिथे होती, कुणाचं लक्ष जात नव्हतं. आता दुसरं काही दिसतच नव्हतं. डोंगराने श्वास घ्यावा तसं ते करडं आतबाहेर होत होतं.

माझी आई खुर्चीवरून उठली. ती कशाला उठली ते तिला विचारलं तर सांगता आलं नसतं. तिच्यामागे दुकानवाली उठली. मग बसचा ड्रायव्हर. मग म्हातारे, काठ्या टेकत. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. नुसते उभे राहिले. पथकाने मैदानाला पूर्ण फेरी मारली. लॅखीने मुद्दाम आणखी एक मारली.

मिस्टर ऑक्टरलोनी तंबूतून चालत आमच्याकडे आले. आता त्यांचे कान पांढरे होते.

"तुम्ही मला फसवलंत, मिसेस विल्क."

"तुम्ही उभ्याचा फोटो मागितलात. चालतानाचं काही बोलला नाहीत."

"सगळ्यांना माहीत होतं?"

"ज्यांनी किल्ट घालून कधी गाव ओलांडलंय त्यांना माहीत होतं."

"मी अर्ज अजूनही पाठवू शकतो. माझ्याकडे फोटो आहे."

"पाठवा की. कागदावर तुमची, अंगावर माझी."

ते जायला वळले आणि थांबले. मग जे बोलले ते चेअरमनसारखं नव्हतं. "सहा वर्षं राहतोय मी इथे. बसच्या ड्रायव्हरला मफलर दिलंत. मला कधी विचारलंसुद्धा नाहीत."

"सहा वर्षं नाही. सहा उन्हाळे. पाकोळ्याही राहतात उन्हाळाभर. त्यांना कोण मफलर विणतं?"

"आणि हिवाळा राहिलो तर?"

"तर मफलर."

"करड्या रेघेशिवाय."

"मफलर म्हटलं मी. अर्धं मफलर नाही."

"बघू," ते म्हणाले. "मी राहीन. आणि मग दरीचा माणूस म्हणून तो अर्ज पाठवीन. तेव्हा तुम्हाला बोलायला जागा राहणार नाही."

"राहून तर दाखवा. नोव्हेंबरातच बायको सामान बांधेल."

बायकोने सामान बांधलं. एकटी गेली. ते राहिले. निव्वळ जिद्दीने राहिले, हे सगळ्या गावाला माहीत होतं. दुकानात ते किती दिवस टिकतील यावर पैजा लागल्या. डोलिनाने पैज लावली नाही. "टिकेल," ती म्हणाली. "रागावलेला माणूस ऊब धरून असतो."

जानेवारीत खिंड बंद झाली. वीज गेली. मिशनघरातले नळ गोठून फुटले. मी डोलिनाकडे चुलीपाशी बसले होते, तेव्हा दार वाजलं. मिस्टर ऑक्टरलोनी, भुवयांवर बर्फ, हातात रिकामी बादली.

"पाणी मिळेल का?"

"बूट काढ," ती म्हणाली. "आणि बस. सूप पी आणि गप्प बस."

तिने त्यांना 'तू' म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. त्यांनीही ऐकलं असावं. ते मुकाट्याने बसले. त्यांच्या स्वेटरच्या एका कोपरावरचं कातडी ठिगळ सुटून लोंबत होतं.

मग ते रोज येऊ लागले. पाण्याला म्हणून, नंतर पाणी सुरू झालं तरी. दोघं भांडायची. ते जुन्या तुकड्याची छायाचित्रं घेऊन आले. ती त्या चित्रांवर भिंग धरून बसली.

"बाई चांगली विणणारी होती," ती अखेर म्हणाली. "कडा बघ. एक धागा सैल नाही."

"म्हणजे मान्य? मूळ रूप हेच."

"हे तिचं रूप. तिच्या आधीच्या बाईने ते बघून नाक मुरडलं असेल. ही पिवळी काडी कोणी घातली, तुला माहीत आहे?"

"नाही."

"मलाही नाही. पण कुणीतरी घातली, आणि तेव्हाही एखादा चेअरमन होताच."

ते हसले नाहीत. "कुठेतरी थांबायला हवं ना, डोलिना? नाहीतर प्रत्येक जण आपला धागा घालील."

"घालू दे. विणायला शिकावं लागेल आधी."

"आणि मी अर्ज पाठवला तर?"

"तर मी मेल्यावर लोक बिनरेघेचं कापड कारखान्यातून आणतील आणि म्हणतील, हेच आमचं." तिने कप फिरवला. "म्हणून मी मरत नाहीये. तू वाट बघ."

ती हे म्हणाली आणि मला ते खरं वाटलं. मी शिकलेली मुलगी आहे. तरी मला खरंच वाटलं.

मार्चमध्ये खिंड उघडली. पहिली बस गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्याकडे टपाल घेऊन गेले. रेडिओ चालू होता, हवामान सांगत होता, आणि त्याला कुणी शिव्या देत नव्हतं. तेवढ्यावरून मला कळलं. ती मागाजवळच्या खुर्चीत होती. बूट घातलेले. चष्मा कपाळावर. कप शेजारच्या स्टुलावर, थंड.

मी रेडिओ बंद केला. मग पुन्हा लावला. का, ते सांगता येत नाही.

तिला ब्रोनेकशेजारी ठेवलं. पथक वाजवत गेलं, दफनभूमीच्या फाटकापर्यंत चालत. निऱ्या तिने घातलेल्याच होत्या. मिस्टर ऑक्टरलोनी शेवटच्या रांगेत, हात कोटाच्या खिशात घालून, उघड्या गळ्याने उभे होते. थंडी होती. बाकी सगळ्यांच्या गळ्यात मफलर होतं.

तिला मूलबाळ नव्हतं. पर्थहून तिचा भाचा आला, फर्गस. भला माणूस. घर रिकामं करायला त्याच्याकडे शनिवार-रविवारच होते. मी मदतीला गेले. आम्ही ताटल्या खोक्यांत भरल्या, लोकरीची पेटी फोडली, कारण किल्ली सापडली नाही. मग मागाच्या खोलीत आलो. त्याने मागाभोवती एक फेरी मारली.

"लोखंडाचं धूड आहे. भंगारवाला सोमवारी येतोय. हे कापड आधी कापून काढायला हवं." त्याने कात्री उचलली.

"थांबा," मी म्हणाले. पुढे काय म्हणावं ते सुचेना.

"ते कापायचं नाही."

मिस्टर ऑक्टरलोनी दारात होते. कधी आले, कळलं नाही. हातात तीच बादली होती. परत द्यायला आले असावेत.

"तुम्ही कोण?" फर्गसने विचारलं.

ते मागाच्या पुढे येऊन वाकले. तुळईवर खडूने नाव लिहिलेलं होतं, तिच्या तिरक्या अक्षरांत. तोंडावर तिने त्यांना कधी नावाने हाक मारली नव्हती. आधी चेअरमनसाहेब, मग नुसतं तू. तुळईवर होतं: कीथ.

त्यांनी ते अक्षर न पुसता त्यावरून बोट फिरवलं. खडू थोडा बोटाला लागला.

"ते माझं आहे," ते म्हणाले. "माग इथून हलायचा नाही. भंगारवाल्याला काय द्यायचं ते मी देईन."

"अहो, पण विणणार कोण? कुणाला येतं?"

"ते मला माहीत नाही."

फर्गसने माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. तो कात्री ठेवून चहा करायला गेला.

आम्ही दोघं मागापाशी उभे राहिलो. मफलर वीतभर झालं होतं. कडा सरळ, एक धागा सैल नाही. त्यांनी त्यावर वाकून रंग वाचले, संग्रहालयातला तुकडा वाचावा तसे. हिरवा. पिवळ्याच्या काड्या. हिरवा. काळा. निळा. निळा पट्टा अर्ध्यावर थांबला होता.

"पुढे कुठला?" त्यांनी विचारलं.

त्यांना माहीत होतं.

निळा धोटा तिने काढून बाजूला ठेवला होता. त्याच्या शेजारी करड्याचा धोटा होता, कांडी भरलेली, टोक बाहेर काढलेलं. तो अजून तिथेच आहे.